उत्तम शुक्रवारचे बाळंतपण

चैत्राचे ऊन गोदाकाठावर पितळेसारखे तापले होते. पात्र आटले होते, वाळू उघडी पडली होती, आणि त्या दग्ध, दीनवाण्या वाळूवरून वारा हुंदका गिळल्यासारखा वाहत होता.

त्या काठच्या ख्रिस्ती वस्तीत मार्थाबाई त्रिभुवन दाई होती. तीस वर्षे तिने बाळे या जगात आणली. प्रत्येक बाळंतपणाआधी ती प्रार्थना करी, आणि पहिले रडणे ऐकले की प्रभूची स्तुती करी. मागावे आणि मिळावे. तिची श्रद्धा काठोकाठ होती, निश्चिंत होती, कधी हिंदकळलीच नव्हती.

मग पौषात तिची एकुलती लेक रूथ बाळंतपणाला माहेरी आली. दवाखान्याची गाडी यायला उशीर झाला. आईच्याच हातांत रूथ रक्ताने रिती होत गेली, आणि तिच्यामागोमाग तिचे न रडलेले बाळही गेले.

मार्थाबाईच्या ओठांवरची प्रार्थना सुकली. रविवारची घंटा वाजे, आणि ती दार लावून घेई. चर्चचे पाळकसाहेब एकदा येऊन बसले.

“देवाची इच्छा, बाई,” ते म्हणाले.

“त्याला माझीच पोर दिसली का, साहेब?” ती म्हणाली, आणि चुलीकडे वळली. साहेब उठून गेले.

प्रभू येशूला क्रूसावर दिल्याचा उत्तम शुक्रवार, गुड फ्रायडे, उजाडला. तिसऱ्या प्रहरी चर्चमधून क्रूसाची गीते येत होती, संथ, शोकगंभीर, श्यामल. तेवढ्यात शेजारचा विलास अमोलिक धापा टाकत दारात आला.

“मावशी, सरोजला कळा लागल्यात. आठवाच महिना चाललाय. गाडीला फोन केलाय, पण तोवर तुम्ही चला.”

“या हातांनी, विलास?”

“दुसरे हात कुठून आणू, मावशी?”

ती गेली. विलासच्या बायकोच्या, सरोजच्या अंथरुणापाशी बसताना जुनी प्रार्थना सवयीने ओठांवर आली, आणि अडली. बाळ वाचव, असे म्हणवेना. मग तिला तो आठवला, ज्याची गीते दूर चालली होती. याच प्रहरी तोही क्रूसावरून आभाळाकडे बघून ओरडला होता, आणि आभाळ मुके राहिले होते. इतके महिने तिने त्याला गप्प राहणाऱ्यांत धरले होते. तो तर आक्रोश करणाऱ्यांत होता. तिच्या बाजूला होता.

“प्रभू, मागत काही नाही,” ती पुटपुटली. “नुसता जवळ राहा.”

बाळ आले ते निळे, निश्चल, निःशब्द. तिने त्याची पाठ चोळली, तोंडात श्वास फुंकला, पुन्हा फुंकला, पुन्हा. श्वास परत आला नाही. आणि मग रक्त आले. पौषातलेच ते लालभडक, अनावर रक्त. मार्थाबाईचे हात हटले नाहीत. गाडी येईपर्यंत ती सरोजचे पोट दाबून, चोळून, धरून राहिली.

सरोज वाचली. शनिवारी मार्थाबाईने बाळाला न्हाऊ घातले, मऊ धडप्यात गुंडाळले, आणि विलासबरोबर जाऊन मातीत ठेवले. विलास माती लोटू लागला, आणि प्रार्थना तिनेच केली. मोठ्याने, फाटक्या आवाजात, शेवटपर्यंत.

रविवारी सकाळी दवाखान्याने सरोजला घरी पाठवले. ईस्टरची, पुनरुत्थानाची घंटा वाजत होती. सरोजने भिंतीकडे तोंड केले.

“मावशी, देव कुठे होता हो?”

मार्थाबाईपाशी शिकलेली उत्तरे पुष्कळ होती. तिने एकही दिले नाही.

“मला नाही ठाऊक, पोरी. माझी रूथ गेली तेव्हा मी त्याला हाकलून दिला होता. पण तो गेला नाही. परवा इथे आले, तर माझ्याआधी तुझ्या उशाशी येऊन बसलेला.”

सरोज रडली नाही. तिची छाती मात्र दाटून आली, तटतटली, आणि चोळी भिजली. दूध आटावे म्हणून मार्थाबाईने जुन्या लुगड्याची पट्टी काढली, आणि हलक्या हाताने तिच्या छातीभोवती आवळून बांधू लागली. एक वेढा, दुसरा वेढा, तिसरा वेढा.

आणि वेढ्या-वेढ्यांतून दूध झरत राहिले. ज्याने प्यावे तो नव्हता, तरी झरत राहिले; शुभ्र, उष्ण, अविरत.