माझ्यासाठी नको

दगडफुलांवरच्या जाडजूड पुस्तकाच्या मागच्या खिशात एक चिठ्ठी होती, आणि त्या चिठ्ठीवर एकाच माणसानं अकरा वेळा एकच शब्द लिहिला होता : 'कंटाळवाणं.' तारखा वेगवेगळ्या, अक्षर तेच, आर्रे केम्प्पाइनेनचं. गुणांच्या रकान्यात अकराही वेळा दोन.

इर्मेलीनं चिठ्ठी संगणकात उतरवली आणि डोळे चोळले. अजून दीडशे चिठ्ठ्या उरल्या होत्या.

लेहतोवाराच्या ग्रंथालयाची बस ती एकोणतीस वर्षं चालवत होती. चालक तीच, ग्रंथपालही तीच. तळ्याकाठच्या विखुरलेल्या वस्त्यांवर दर पंधरवड्याला बस न्यायची, अर्धा तास थांबायचं, पुस्तकं द्यायची-घ्यायची. दोन वर्षांपूर्वी नगरपालिकेनं ठरवलं, की प्रत्येक पुस्तकात एक चिठ्ठी ठेवायची. वाचकानं एक ते पाच गुण द्यायचे, पुढे दोन ओळींत मत लिहायचं. तेव्हा इर्मेलीला वाटलं होतं, ही माणसं कशाला लिहिताहेत! चार शब्द बोलायचे तर दोन गिळणारी माणसं ती. पण झालं उलटंच. तोंडानं जे कधी भांडले नसते, ते पेन्सिलीनं भांडायला लागले.

दीपगृहातल्या खुनाच्या कादंबरीत एकानं लिहिलं होतं, 'खुनी चाळिसाव्या पानावर कळला.' त्याखाली, 'मला संपल्यावरही कळला नाही.' त्याखाली पहिल्याचंच अक्षर, 'पुन्हा वाचा.' कवितांच्या पुस्तकात, 'अर्धी पानं कोरी. कागदाची नासाडी.' त्याखाली, 'कोरा भागच बरा आहे.' एकट्या माणसासाठीच्या पाककृतींच्या पुस्तकात, 'एका माणसाला एवढं लोणी लागत नाही.' आणि खाली नुसतंच, 'लागतं.' मधमाश्यांच्या पुस्तकाला कोणीतरी एक गुण दिला होता, कारण चित्रातल्या माशीला पाय पाचच होते. इर्मेलीनं मोजले. खरंच पाच होते. सहावा बहुधा पंखाआड असावा, पण तसं चित्रात कुठं म्हटलेलं नव्हतं.

या सगळ्याची सरासरी काढायची होती.

सरासरी हवी होती यानिकाला. यानिका सुंडेल नगरपालिकेची सांस्कृतिक सचिव, वय बत्तीस, राजधानीतून येऊन आठ महिने झालेले. मुलगी वाईट नव्हती. कामाला चोख, बोलायला मोकळी. फक्त समोरच्यानं जे म्हटलं तेच त्याला म्हणायचं असतं, असा तिचा समज होता.

सोमवारी दुपारी ती तक्ता घेऊन इर्मेलीच्या टेबलाशी बसली.

"हौतालाम्पीचा थांबा बघा," ती म्हणाली. "सरासरी दोन पूर्णांक चार. सगळ्यांत कमी. आणि जायला एकाहत्तर किलोमीटर. तीनच्या खालचे थांबे उन्हाळ्यापासून बंद करायचे, असं समितीनं ठरवलंय. हे लोक नाराज आहेत, इर्मेली. नाराज लोकांच्या दारात आपण पुस्तकं का नेतोय?"

"नाराज नाहीत ते."

"दोन गुण देतात!"

"तिकडे दोन म्हणजे ठीक. तीन म्हणजे फारच झालं."

"आणि चार?"

"चार देणारा पाहुणा असतो. उन्हाळ्यात आलेला."

"पाच कोणी दिलेत का?"

"दोघांनी. एक पोरगा सात वर्षांचा, बोटींचं पुस्तक होतं. दुसरी तिथलीच म्हातारी, लेम्पी. पण तिनं तो रकाना पुस्तकं किती परत केली त्याचा समजून भरला होता."

यानिका हसली, पण पेन खाली ठेवलं नाही. "हे मी समितीला कसं सांगू? तुमच्या गावात दोन म्हणजे पाच, असं?"

सांगता आलं असतं तर इर्मेलीनं कधीच सांगितलं असतं.

"बरं, मी स्वतःच येते बुधवारी," यानिका म्हणाली. "तोंडावर विचारते. बस हवी का, हो की नाही. हो म्हणाले तर मी समितीत भांडेन. शब्द देते." मग आवाज उतरवून म्हणाली, "आणि तुम्हीही जरा स्वतःचा विचार करा. गुडघ्याचं दुखणं आहे तुमचं. मुख्य ग्रंथालयात खिडकीजवळचं टेबल रिकामं होतंय. निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं आरामात जातील."

खिडकीजवळचं टेबल इर्मेलीला माहीत होतं. खाली गरम पाण्याची ऊबनळी होती. त्या टेबलाचा विचार तिच्या मनात आला आणि हटेना. बसच्या दाराच्या तीन पायऱ्या ती दिवसातून चाळीसदा चढत-उतरत होती, आणि चाळिसाव्या वेळी उजवा गुडघा गंजलेल्या बिजागरीसारखा वाजायचा. थांबा बंद झाला तर तिला कोणी दोष दिला नसता. हौतालाम्पीच्या लोकांनी तर नाहीच नाही.

तरी मंगळवारी संध्याकाळी तिनं लेम्पीला फोन लावला.

"उद्या नगरपालिकेची बाई येणार आहे. बस हवी का विचारेल. नुसतं हो म्हणा."

पलीकडे लेम्पीनं रेडिओ बंद केला. मग, "म्हणजे मागायचं?"

"मागायचं नाही. हो म्हणायचं."

"एकच झालं ते," लेम्पी म्हणाली. "माझ्या आईनं सरकारकडून कधी खिळासुद्धा मागितला नाही."

बुधवारी रस्ता वाईट होता. एप्रिल संपत आलेला, वरचं बर्फ वितळलेलं आणि खालची जमीन अजून गोठलेली, त्यामुळे पाणी मुरायला जागा नाही आणि कच्चा रस्ता लापशीसारखा झालेला. इर्मेली दुसऱ्या गिअरवर बस हाकत होती. यानिका शेजारी बसून दोन्ही हातांनी थर्मास सांभाळत होती. लोकांना कॉफी द्यायची कल्पना तिचीच.

हौतालाम्पीला बस थांबायची ती दुधाच्या जुन्या चौथऱ्यापाशी. पूर्वी त्यावर दुधाचे कॅन ठेवत. आता गाई नाहीत, चौथरा आहे. त्यापाशी तिघं उभी होती : आर्रे, वय चौऱ्याऐंशी, तरुणपणी नदीतून लाकडाचे ओंडके वाहून नेणारा, लेम्पी, एकोणऐंशी, डोक्यावर लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, आणि शेळ्या पाळणारी तूली, तिशीतली, गमबुटांसकट. तिघांच्याही हातात पुस्तकांच्या पिशव्या.

"उशीर झाला," आर्रे म्हणाला.

"चार मिनिटं," इर्मेली म्हणाली.

"तेच म्हणतोय."

तिघं आत चढली. पिशव्या रिकाम्या व्हायला लागल्या.

"ही कसली प्रेमकथा?" लेम्पीनं एक पुस्तक टेबलावर आदळलं. "तो तिला साडेतीनशे पानं विचारतच नाही."

"तेच तर चांगलंय त्यात," तूली म्हणाली. "विचारलं आणि सगळं बिघडलं."

"तुझ्या शेळ्यांना विचार. त्या तरी मधूनच बें करतात."

"आर्रे, तुम्ही वाचलीत?"

"वाचली." आर्रेनं नाक वर ओढलं. "त्याचं होडकं चुकीचं बांधलंय. तसं होडकं तळ्याच्या मधोमध पोचलंच नसतं. मग कसली प्रेमकथा नि काय!"

"होडक्यापुरतं वाचतो हा माणूस," लेम्पी यानिकाला म्हणाली. तिच्याशी बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य.

यानिकाला तेवढा धीर पुरला. तिनं थर्मास उघडला. "आजोबा, कॉफी घेणार?"

"माझ्यासाठी नको," आर्रे म्हणाला.

"तुम्ही?"

"माझ्यासाठी कशाला," लेम्पी म्हणाली.

तूलीनंही मान हलवली. यानिकानं झाकण फिरवून घट्ट लावलं. तिघांची नजर त्या झाकणाबरोबर फिरली आणि मग मुकाट्यानं खिडकीबाहेर गेली.

आता पुढचं सगळं इर्मेलीला आधीच ऐकू येत होतं.

"मी एकच प्रश्न विचारायला आलेय," यानिका म्हणाली. "हा थांबा बंद करायचा विचार चाललाय. तुम्हाला बस हवी आहे का? हवी असेल तर चालू ठेवण्यासाठी मी प्रयत्न करीन. स्पष्ट सांगा."

बसच्या हीटरची घरघर तेवढी चालू होती.

"माझ्याकडे गाडी आहे," तूली शेवटी म्हणाली. "मी गावात जाऊन आणू शकते. लेम्पीसाठी म्हणून ठेवा हवी तर."

"माझ्यासाठी?" लेम्पी ताठ झाली. "मुळीच नको. घरात आहेत की पुस्तकं. आर्रेला लागतात."

"मला?" आर्रे टोपीच्या काठाशी चाळा करत होता. "एका म्हाताऱ्यासाठी एवढा मोठा डबा सत्तर किलोमीटर आणायचा? डिझेल जळतं. माझ्यासाठी नको. या पोरीला लागत असतील."

फेरी पुरी झाली. तीन माणसं, तीन नकार. यानिकानं लिहून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर खरोखरच वाईट वाटल्याचं दिसत होतं.

इर्मेली उठली. थर्मास घेतला, कपाटातून तीन कप काढले आणि कोणालाही काही न विचारता कॉफी ओतली. आर्रेचा कप काठोकाठ.

"अर्धाच पुरे होता," आर्रे म्हणाला आणि सगळा प्यायला. लेम्पीनं दोन घेतले.

यानिका बघत राहिली. कपांकडे, मग वहीकडे.

परतताना रस्ता आणखी मऊ झाला होता.

"मला कळलं," यानिका म्हणाली. "कॉफीचं. खरंच कळलं. पण इर्मेली, कागदावर तीन वेळा नाही लिहिलंय. समितीत मी कॉफीचा कप दाखवू शकत नाही. कोणीतरी हवं म्हणायला हवं. एक तरी माणूस." ती थोडी थांबली. "तुमचं काय? तुमचंही मत जोडायची सोय आहे. तुम्हाला हा रस्ता हवाय?"

इर्मेलीच्या तोंडात उत्तर तयारच होतं. 'माझं काय, कसंही चालेल.' हे वाक्य तिनं आयुष्यभर म्हटलं होतं. बहिणीनं शेत विकताना, नवऱ्यानं दुसऱ्या गावी जाऊ या म्हटल्यावर आणि नंतर नको म्हटल्यावरही. म्हणायला सोपं, आणि म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही. शिवाय आज ते खोटंही नव्हतं. ती दमली होती. गुडघा ठणकत होता. खिडकीजवळच्या टेबलाखाली ऊबनळी होती. वाक्य तोंडातून सोडलं की झालं.

पुढचं वळण चिखलानं भरलं होतं. तिनं बस कडेला घेतली, ब्रेक ओढला.

"हवाय," ती म्हणाली.

आवाज तिचा तिलाच परका वाटला. भर रस्त्यात कोट काढून उभं राहावं तसं झालं. कान तापले.

"कारण काय लिहू?"

"मला हवाय म्हणून." आणि मग, अजून काही राहिलंच असेल तर तेही होऊन जावं म्हणून, "दर पंधरवड्याला हवाय. आणि टेबल नकोय."

यानिकानं शब्द न् शब्द लिहून घेतला. इर्मेलीनं गिअर टाकला. रात्री जेवण गेलं नाही.

यानिकानं शब्द पाळला, समितीत भांडली. मेच्या अखेरीस पत्र आलं. हौतालाम्पीचा थांबा राहणार होता. पंधरवड्याऐवजी महिन्यातून एकदा, आणि ही बस मोडीत निघेपर्यंतच. म्हणजे फार तर तीन वर्षं. इर्मेलीनं पत्र दोनदा वाचलं. आनंद व्हायला हवा होता. झाला तो एवढाच, की आता याबद्दल पुन्हा कोणाशी बोलावं लागणार नाही.

पुढच्या फेरीला तिनं चौथऱ्यापाशी ते वाचून दाखवलं.

"महिन्यातून एकदा," लेम्पी म्हणाली. "आम्ही नको म्हटलं होतं ना? मग मागितलं कोणी?"

"मी," इर्मेली म्हणाली.

तिघांनी तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. कोणाच्या घरी चुकून नको तेव्हा दार उघडलं जावं तशी. तूली गमबुटाच्या टाचेनं चिखल उकरत राहिली.

"अस्सं," आर्रे म्हणाला. त्यानं घसा साफ केला, हातातली पुस्तकांची पिशवी सावरली आणि पायरीवर पाय ठेवला. "म्हणजे आता वाचावं लागणार."