राणीला तरुण करणारं मडकं

जिबला गावच्या बाजारात त्या गुरुवारी एवढी गर्दी उसळली की गाढवांनाही वाट मिळेना. का, तर शेख मब्खूत चांदीची नाणी तरुण करत होता! झिजकी फ्रान्सी रियालं त्याच्या काळ्या मडक्यातल्या पाण्यात टाकायची, त्याने धूप फिरवून फुंकर मारायची, की बाहेर नवीकोरी, लखलखीत! नाण्यावरच्या फिरंगी राणीचं झिजलेलं नाक परत येई, गाल भरत, आणि छाती तर अशी की पुरुषमंडळी नाणं दोनदा तपासत. मग शेख ती नाणी पुरचुंडीत बांधून परत देई.

"हे साधं पाणी नाही, जिन्नांनी गाळलेलं आहे!" शेख ओरडला. "पुरचुंडीची गाठ शनिवारपर्यंत सोडू नका. नाणी ओली बाळंतीण आहेत, वारा बाधेल!"

स्वतः शेख मात्र शुक्रवारीच पुढच्या गावी निघणार होता.

तकिय्या मावशीने आपल्या आईच्या हारातली सगळी रियालं कड्या उपटून त्याला दिली होती. रविवारी भाचीचं, नजीबाचं लग्न. हार तिच्याच गळ्यात पडायचा होता. मावशीच्या डोळ्यांत मोतीबिंदू, पण बोटं शाबूत. पुरचुंडी हातात येताच तिने कापडावरूनच नाण्याच्या काठावर अंगठा फिरवला.

"शेख, काठावरची अक्षरं कुठे गेली?"

"तरुण कातडीला सुरकुत्या नसतात, मावशी!"

लोक खदखदून हसले. मावशीने गाठ सोडली.

"अगं बाई, बाळंतिणीला वारा लागला!" कुणीतरी किंचाळलं.

"नजीबा, राणीच्या खांद्यावरच्या पिनेत मोती किती गं?" मावशीने शेजारी उभ्या भाचीला विचारलं.

"सात."

"नऊ हवेत. आणि दंडाखाली मुंग्या?" टाकसाळीच्या दोन बारक्या अक्षरांना तिथल्या बायका मुंग्या म्हणत.

"एकही नाही, मावशी."

"मोती जिन्नांनी नजराणा म्हणून घेतले!" शेख घाईने म्हणाला.

"आणि मुंग्या?"

"त्या... चालत्या झाल्या!"

"बरं. मग आता तुझं थोबाड घाल मडक्यात. पुढचे दोन दात पडलेत, ते तरी उगवू देत."

आता हशा शेखवर फुटला. पळायला म्हणून त्याने मडकं बगलेत मारलं, तसं ते खणखणलं.

"पाणी कधीपासून वाजायला लागलं रे?" मावशीने काठी आडवी घातली. शेख अडखळला अन् मडकं फुटलं. मडक्याच्या पोटात दुसरं मडकं! खरी रियालं फटीतून मधल्या पोकळीत घसरायची, अन् आतल्या मडक्यात आधीच भरलेली पितळेची, चांदीचा मुलामा दिलेली बाहेर निघायची. खापरांत मावशीच्या नकट्या राण्या पडल्या होत्या, प्रत्येकीच्या डोक्यावर कडीचा डाग.

रविवारी नजीबाने त्याच मिरवल्या.

चांदी झिजते, माणूसही झिजतं, त्यात लाज कसली? पण बायांनो, बघू नका, मोजू नका, गाठ सोडू नका असं कुणी म्हणालं, की त्याच्यासमोरच गाठ सोडा. वारा लागून खरं नाणं मरत नाही.