विधवेचा अर्धा हात

बुधवारी बासिलिया कालव्यातला गाळ उपसायला गेली. मंगळवारीही तीच गेली होती. डोंगरावरच्या पुकाकुचो गावात गावकीचं काम घरटी एक दिवस. पण बाईचा दिवस अर्धाच धरायचा ही तिथली जुनी रीत. म्हणून नवरा नसलेल्या बाईनं दोन दिवस राबावं, तेव्हा कुठे तिचा एक दिवस लागायचा. फावडं बाईच्या हातात आहे की बाप्याच्या, हे गाळाला काय कळतंय! पण शहाण्यासुरत्या माणसांनाही ही रीत कधी खुपली नाही.

तीन आठवड्यांपूर्वी तिची सहा वर्षांची रोसाल्विना हगवणीनं गेली. पाणी गावच्या नळाचंच. बासिलिया रडली नाही. बायका म्हणाल्या, काय बाई दगडाचं काळीज! तसं नव्हतं. आत काही हलतच नव्हतं. ती बटाटे सोलायची, दोन वाडग्यांत सूप वाढायची आणि दुसरं वाडगं निवेपर्यंत त्याच्याकडे बघत बसायची.

नळाला पाणी सोडणाऱ्या वरच्या टाकीत जंतू मारायचं औषध टाकायला हवं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण टाकी सगळ्यांची, म्हणून ती कुणाचीच नव्हती. माझ्यावाचून काय अडलंय, शेजारी टाकेलच, असं पन्नासच्या पन्नास घरांनी म्हटलं आणि पन्नासही घरं तेच पाणी पीत राहिली.

यंदा नगरपालिका गावाला एकच काम करून देणार होती. टाकीवर औषध सोडणारं यंत्र बसवायचं की बैलखेळाचं दगडी रिंगण बांधायचं, हे रविवारच्या गावसभेनं ठरवायचं होतं. सभेतही रीत तीच. दोन विधवांचा मिळून एक हात. दोघींचं जुळलं तर एक मत, नाही जुळलं तर दोघीही बाद. बासिलियाची जोडी म्हाताऱ्या मेल्चोराशी होती.

शनिवारी सकाळी ती मेल्चोराच्या दारात गेली. म्हातारी चिचेसाठी, म्हणजे मक्याच्या दारूसाठी, मका वाळत घालत होती.

"मावशी, उद्या पाण्यासाठी हात वर कर."

"अगं, मला का कळत नाही? पोर माझ्या अंगाखांद्यावर खेळली. पण बैलखेळाच्या सणाच्या तीन दिवसांत माझी चिचा खपते, त्यावर मी वर्ष काढते. रिंगण झालं की चार गावचे लोक येतील. पाणी काय, उकळून पिता येतं."

"कशावर उकळू? इथे झाड तरी आहे का एक? शेण्या स्वयंपाकालाच पुरत नाहीत."

मेल्चोरा मक्यातले खडे वेचत राहिली. "मला बोल लावू नकोस बाई. पोट माझ्याही मागं लागलंय."

बासिलियाला राग आला नाही. रागावायलाही अंगात काहीतरी उरावं लागतं. जाताना तिनं म्हातारीला मक्याचं पोतं आत ओढून दिलं.

रविवारी शाळेच्या पटांगणात हात मोजले गेले. रिंगणाला तेवीस, पाण्याला बावीस. बासिलिया आणि मेल्चोरा बाद. गावच्या आठ विधवांचे हात अख्खे मोजले असते तर पाण्याला सव्वीस झाले असते आणि रिंगणाला चोवीस. हा हिशेब शाळकरी पोरालाही जमला असता. पटांगणातल्या एकाही बाप्याला तो सुचला नाही.

टाळ्या झाल्या. मग ठरावाच्या कागदावर अंगठे सुरू झाले. पन्नास घरांचे पन्नास अंगठे उठल्याशिवाय नगरपालिका ठराव घेत नसे. एकोणपन्नास उठले. मेल्चोरानंही टेकवला आणि शाई घागऱ्याला पुसली.

"चल बासिलिया, आटप," ग्रिमाल्दो म्हणाला. तो सभेचा अध्यक्ष आणि तिचा थोरला दीर. "तुझ्यावाचून अडलंय."

"अर्धा टेकवू का, भावजी?"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"अर्धा कसा चालेल? नगरपालिकेला अख्खा लागतो."

"म्हणजे कागदावर मी अख्खी?"

"आता फाटे फोडू नकोस. रीत काय मी घातली? वाडवडिलांची आहे."

"असेल. मी अंगठा देत नाही."

"वेड लागलंय हिला," मागून एक जण ओरडला. "लेकरू गेल्यापासून अशीच करते."

ग्रिमाल्दो जवळ आला, आवाज उतरवून बोलला. "धाकट्याची बायको म्हणून आजवर सांभाळून घेतलं. तुझ्या शेताची पाण्याची पाळी बंद करीन. मग काय खाशील?"

"करा बंद." तिचा आवाज चढला नाही. "भावजी, माझा दिवस अर्धा धरलात, मी दोन दिवस राबले. माझा हात अर्धा धरलात, मी गप्प बसले. पण पोर काही अर्धी गेली नाही. ती अख्खी गेली."

ग्रिमाल्दोनं पुढे केलेला कागद मागे घेतला. ज्या खड्ड्यात ती पोर पुरली, तो त्यानंच खणला होता.

"मग हवंय काय तुला?" त्यानं विचारलं.

"हात पुन्हा मोजा. आठही जणींचे, अख्खे. त्यात मी हरले तर सगळ्यांसमोर अंगठा देते."

"तसं कधी झालं नाही."

"मग तुमचा कागद इथेच राहील."

ठराव लिहिणारा चिटणीस ग्रिमाल्दोकडे बघत राहिला. विधवांच्या रांगेतून घरी जायला कुणी उठली नाही. मेल्चोरा मान खाली घालून बसली होती.

बासिलियाला जिंकल्यासारखं वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. मोजणी पुन्हा झाली काय, यंत्र बसलं काय, तिच्या घरात ते पाणी प्यायला आता कुणी लेकरू नव्हतं. ज्यांच्या घरात होतं, ते बाप्ये रिंगणाला हात वर करून समोर बसले होते, आणि त्यांच्या लेकरांसाठी ती दोन्ही अंगठे मुठींत मिटून उभी राहिली.