पाव मैलाच्या आत

आर्डिसचा नवरा आर्विड गेला तेव्हा गल्लीतून तिच्याकडे बटाट्या-खिम्याच्या हॉटडिशची दोन-चार भांडी आली, चर्चमधल्या बायकांनी मिठ्या मारल्या, आणि आठवड्याभरात सगळे आपापल्या गॅरेजचं दार खाली ओढून मोकळे झाले. लार्क लेनवर रीतच तशी होती. माणसं वाईट नव्हती. आपापल्या हिरवळीच्या कडेपर्यंत चांगली होती. म्हणून वर्षभरानं एका संध्याकाळी पुन्हा भांडी यायला लागली, तेव्हा आर्डिसला आधी एकच सुचलं. आता कोण मेलं?

मेलं कुणीच नव्हतं. कोपऱ्यावरचं विटांचं घर विकलं गेलं होतं, आणि घेणारी होती एक संस्था. दारू आणि गोळ्या सोडलेल्या पुरुषांना तिथे एकत्र ठेवायचं, कामाला लावायचं, माणसांत आणायचं, असा तिचा बेत. पालिकेची परवानगी तेवढी मिळायची होती.

ही बातमी घेऊन आला समोरचा व्हर्लिन हाउगेन. जन्मभर विमा विकलेला माणूस. बोलायला बसला की समोरच्याला आपल्या छपराखाली गारठा वाटायला लागावा, अशी त्याची हातोटी होती. बरोबर त्याची बायको कोरीन, लिंबाचा केक घेऊन.

"कायदा त्यांच्या बाजूनं आहे, आर्डिस," व्हर्लिन म्हणाला. "'ही माणसं आम्हाला नकोत' असं तोंडातून निघालं, की कोर्टात आपण उभे. वरच्यांनी आपले हात बांधून ठेवलेत."

"मग गप्प बसा आणि केक खा," आर्डिस म्हणाली.

"माणसांना नाही म्हणता येत नाही. पण अंतराला म्हणता येतं."

मग त्यानं समजावून सांगितलं. असली दोन घरं, मग त्यांत व्यसन सोडलेले असोत की म्हातारी माणसं, एकमेकांपासून पाव मैलाच्या आत असता कामा नयेत, असा पालिकेचा नियम होता. एकाच वस्तीत सगळी घरं कोंबली जाऊ नयेत, बिचाऱ्यांना चारचौघांत राहायला मिळावं, म्हणून कधी काळी कुणा भल्या माणसानं तो केलेला. पण भल्या नियमाला मागचं दार असतंच, आणि व्हर्लिननं जन्मभर ते दार शोधायचंच काम केलं होतं. पाव मैलाच्या आत असं एखादं घर आधीच असेल, तर दुसरं येऊच शकत नव्हतं.

"काट्यानं काटा काढायचा," तो म्हणाला. "तू वीस वर्षं वृद्धाश्रमात काम केलंयस. खाली तीन खोल्या रिकाम्या पडल्यात. दोन गरीब म्हाताऱ्या ठेव. परवान्याचं मी बघतो. गवत आम्ही कापू, बर्फ आम्ही उपसू. तुला एक काडी उचलावी लागणार नाही."

"आणि सोबत होईल गं तुला," कोरीन म्हणाली.

आर्डिसला त्या 'सोबत'नं जिंकलं. खरं सांगायचं तर तिलाही ती माणसं कोपऱ्यावर नको होती. अंधार पडल्यावर कचऱ्याचा डबा बाहेर ओढताना कोण बघत असेल या विचारानं तिला आधीच कसंसं होत होतं. आणि आर्विड गेल्यापासून पहिल्यांदा कुणाला तरी तिची गरज लागली होती. तिनं केक कापला.

पालिकेच्या सभागृहात सुनावणी झाली तेव्हा लार्क लेन झाडून हजर होती. पण कुणाला तोंड उघडावंच लागलं नाही. आर्डिसचा परवाना आधीच झाला होता. नकाशावर तिच्या घराभोवती एक गोल काढलेला होता आणि कोपऱ्यावरचं घर त्याच्या पोटात होतं. सुंठीवाचून खोकला गेला. संस्थेतर्फे डेसमंड नावाचा एक उंच, शांत माणूस उठला. तो स्वतः कधीकाळी अशाच घरात राहून सावरलेला होता. त्यानं वाद घातला नाही. फक्त आर्डिसकडे वळून म्हणाला, "बाई, तुमच्यावर राग नाही. तुम्ही चांगलंच काम करताय. पण तुमचं घर चालू आहे तोवर आमचं बंद. एवढंच मला कळलं."

तिला वाटलं, तो आपल्याशी बोलतोय. ऐकलं मात्र सगळ्या गल्लीनं.

पहिली दोन वर्षं सुखाची गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही. हेझल आणि मेव्हिस अशा दोघी आल्या. हेझल पत्ते खेळताना लबाडी करायची आणि मेव्हिसला ऐकू यायचं नाही, त्यामुळे दोघींचं बरं जमलं. गवत वेळेवर कापलं जायचं. बर्फ पडून थांबायच्या आत व्हर्लिन फावडं घेऊन हजर. पायवाटेवर बर्फ वितळायला मीठ टाकून जायचा, म्हणजे कुणी घसरू नये. शेजारची केंड्रा आपल्या पोरांबरोबर बिस्किटं पाठवायची. आर्डिस बहिणीला फोनवर म्हणायची, अशी गल्ली शोधून सापडायची नाही.

मग हेझल गेली. पहाटे रुग्णवाहिका आली, आणि आर्डिस दारात उभी राहून बघते तो समोरच्या ओळीतल्या सगळ्या घरांत दिवे. पडदे बाजूला झालेले. तिला गहिवरून आलं. किती जीव लावतात! दफनाच्या दिवशी कोरीननं तिचा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, "मेव्हिसची तब्येत ठीक आहे ना गं?"

त्या प्रश्नात काहीतरी होतं, ते आर्डिसला तेव्हा कळलं नाही. कळलं ते फुलं सुकायच्या आत व्हर्लिन आयोना नावाची नवी म्हातारी घेऊन आला तेव्हा. बिचारीची वळकटी अजून गाडीत होती आणि व्हर्लिन तिसऱ्या खोलीची खिडकी उघडून बघत होता. मेव्हिसही गेली आणि घर रिकामं राहिलं तर परवाना जातो, हे त्याला पाठ होतं. संस्थेनं कोपऱ्यावरचं घर विकलं नव्हतं, तेही त्याला पाठ होतं. तिनं ते नुसतं कुलूप लावून ठेवलं होतं. महिन्यातून एकदा डेसमंड यायचा, नळ गोठले नाहीत ना ते बघायचा, आणि जाताना आर्डिसच्या घराकडे एक नजर टाकायचा. त्या नजरेत घाई नव्हती. त्यामुळेच गल्ली घाबरायची.

त्या पानगळीत सिग्नेचा फोन आला. सिग्ने आर्डिसची एकुलती एक लेक, दूर टूसॉनला राहणारी. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिला दिवस राहिले होते. "आई, तू इकडेच ये ना. घर विकून टाक. इथे बर्फ नाही, काही नाही. मागे तुझ्यासाठी खोली बांधलीय."

आर्डिस फोन ठेवून स्वयंपाकघरातच रडली. आनंदानं रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती व्हर्लिनकडे गेली आणि म्हणाली, "वसंतात मी चालले. मेव्हिस आणि आयोनाची चांगली सोय लावून देईन. मग बंद."

कोरीननं कॉफीचा कप खाली ठेवला.

"तू दमलीयस," व्हर्लिन म्हणाला.

"दमले नाहीये. आजी होणारेय."

"दमलीच आहेस. दिसतंय ना. बस, थोडी विश्रांती घे. घाईत काही ठरवू नकोस."

गरज सरो आणि वैद्य मरो, असं जग म्हणतं. इथे गरज सरायला तयार नव्हती, त्यामुळे वैद्याला मरायचीही मुभा नव्हती.

त्यानंतर गल्लीचा जिव्हाळा वाढला. केंड्रा दिवसातून दोनदा डोकवायला लागली. "शेगडी बंद केलीत ना, आर्डिस?" "आज वार कोणता हो?" असं हसत हसत विचारायची, आणि आर्डिसही हसत हसत उत्तर द्यायची. एकदा दुधाचं पातेलं तिच्याकडून शेगडीवर राहून करपलं, हे खरं. एकदाच. पण आठवड्यानं सिग्नेचा फोन आला तेव्हा तिचा आवाज वेगळा होता.

"आई, तू रोज शेगडी चालू ठेवून बाहेर जातेस?"

"कोण म्हणालं?"

"कोण म्हणालं ते राहू दे. लोकांना काळजी वाटते तुझी. व्हर्लिनकाका फोन करतात मला. कोरीनकाकू पण करतात."

"कधीपासून?"

सिग्ने बाळाच्या पाळण्याबद्दल बोलायला लागली. म्हणजे बऱ्याच दिवसांपासून. ती गल्लीला आपली समजत होती, आणि गल्ली तिच्या पाठीमागे तिच्या लेकीला तिची ओळख करून देत होती. ती चिडून ओरडली. ओरडायला नको होतं. चिडलेली म्हातारी भ्रमिष्ट आहे, हे लगेच पटतं लोकांना.

जानेवारीत ती पडली. पेपर उचलायला पायरी उतरली आणि पायाखाली काच असावी तसा बर्फ. त्या सकाळी पायवाटेवर मीठ नव्हतं. इतक्या हिवाळ्यांत व्हर्लिनचं पहिल्यांदाच राहून गेलं होतं. दवाखान्यात येऊन तो तिच्या पलंगाशी ढसाढसा रडला. "माझी चूक, आर्डिस, माझीच चूक." तो खरंच रडत होता. आर्डिस वेदनेच्या गुंगीतून त्याच्याकडे बघत होती आणि तिला काही केल्या ठरवता येईना, की हा कशासाठी रडतोय.

खुबा बदलावा लागला. पोटुशी सिग्ने धापा टाकत आली, चार दिवस राहिली आणि घाबरून गेली. दोन म्हाताऱ्या घरात, त्यांचं कोण करणार? कोरीनची भाची ट्रिशा अशा कामातली होती, नेमकी मोकळी होती, आणि लगेच राहायला यायला तयार होती. तात्पुरतं, सगळे म्हणाले. परवाना तेवढा तिच्या नावावर करायचा, नाहीतर म्हाताऱ्या रस्त्यावर येतील. आर्डिसनं मेव्हिसचा विचार केला आणि सही केली. दुसरी सही सिग्नेसाठी होती. बँकेचं, घराचं, दवापाण्याचं यापुढे लेक बघणार होती.

"बरी झालीस की ये," विमानतळाकडे निघताना सिग्ने म्हणाली.

घरी आणलं तेव्हा आर्डिसचा पलंग खाली आणलेला होता, हेझलच्या खोलीत. जिना चढता येत नव्हता, तेव्हा बरोबरच होतं ते. वर तिच्या आणि आर्विडच्या खोलीत ट्रिशाचे कपडे होते. न्हाणीघरात धरायला नवा दांडा बसवला होता. आणि खोलीच्या दारावर, मेव्हिसच्या आणि आयोनाच्या दारावर होतं तसंच, मोठ्या रंगीत अक्षरांत लिहिलेलं होतं: आर्डिस. केंड्राच्या पोरांनी हौसेनं रंगवलं होतं. भोवती सूर्यफुलं.

"हे माझं घर आहे," आर्डिस म्हणाली.

"हो तर!" ट्रिशा म्हणाली. "आपलंच घर समजायचं."

वसंत आला. आर्डिस काठीशिवाय चालायला लागली, पण दाराबाहेर पडली की कुणी ना कुणी हिरवळीवरून लगबगीनं यायचं. "कुठे निघालात? एकट्याच? चला, मी सोडते परत." एकदा ती कोपऱ्यापर्यंत पोचली, तर व्हर्लिननं शेजारी गाडी उभी केली आणि प्रेमानं दार उघडून धरलं. सिग्नेला मुलगा झाला. आर्डिसनं फोनवर सगळं सांगितलं. मी शहाणी आहे, मला इथून ने, ही माणसं मला सोडत नाहीत. पलीकडे बाळ रडत होतं. सिग्नेनं दमलेला सुस्कारा टाकला.

"आई, तू असं म्हणशील हे ते म्हणालेच होते."

आता एकच आशा उरली होती. वर्षातून एकदा काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, माणूस तपासणीला यायचा. आर्डिसनं स्वतः दोनदा ती तपासणी करवून घेतली होती, त्यामुळे तिला माहीत होतं की तो प्रत्येकाशी दार लावून एकांतात बोलतो. कायदाच आहे तसा. घर चालवणाऱ्याला तेव्हा आत थांबता येत नाही. आधी यायची ती बाई निवृत्त झाली होती आणि यंदा नवा माणूस येणार होता. ना ओळखीचा, ना पाळखीचा. आर्डिसनं सकाळी केस विंचरले, निळा झगा घातला आणि काय बोलायचं ते मनात घोकलं. ओरडायचं नाही. रडायचं नाही. तारीख, वार, नातवाचं नाव, सगळं न चुकता सांगायचं.

माणूस सभ्य होता. कर्टिस नाव. पन्नाशीचा, गळ्यात ओळखपत्र. त्यानं दार लावून घेतलं, खुर्ची जवळ ओढली.

"जेवण बरं मिळतं?"

"मिळतं. कर्टिस, मला तुम्हाला काही सांगायचंय, आणि ते शेवटपर्यंत ऐका."

त्यानं ऐकलं. आर्डिस शांतपणे बोलली. हॉटडिशच्या भांड्यांपासून नकाशावरच्या गोलापर्यंत, लेकीला गेलेल्या फोनांपासून न टाकलेल्या मिठापर्यंत. एकदाही आवाज चढला नाही. "मी या घराची मालकीण आहे," ती शेवटी म्हणाली. "मला माझ्या नातवाकडे जायचंय. मी इथे माझ्या मर्जीनं नाही, एवढं तुम्ही लिहा. बाकी मी बघते."

कर्टिसनं मान डोलावली. त्याचे डोळे दयाळू होते, आणि त्यात अविश्वास मुळीच नव्हता. तिला पहिल्यांदाच सुटल्यासारखं वाटलं. हा मला वेडी समजत नाही. याला कळलंय.

"पटलं ना तुम्हाला?" तिनं विचारलं.

"पटलं," तो म्हणाला. "शब्द न् शब्द."

त्यानं हातातलं पेन बंद करून खिशात ठेवलं. मग उठून पलंगाच्या पायथ्याची शाल घेतली, तिच्या गुडघ्यांवर नीट पसरली, कडा आत खोचल्या. तिथेच वाकून, दाराकडे एकदा बघून, तो खालच्या आवाजात म्हणाला, "मी मागच्या गल्लीत राहतो, आर्डिस. फिंच कोर्टवर. दोन लहान मुली आहेत मला. आमचीही गल्ली तुमच्या गोलातच येते."

तिनं खोचलेल्या शालीची एक कड बाहेर ओढली.

"तुम्हाला कल्पना नाही, किती घरं आहेत त्या गोलात," तो म्हणाला. "सगळे तुमचे आभारी आहेत. तब्येतीला जपा."

दार उघडून तो बाहेर गेला. स्वयंपाकघरात ट्रिशानं त्याला कॉफी विचारली आणि तो हो म्हणाला.