‘ती’चे ‘ते’ झाले

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. ‘जुने मशीन’ म्हणालात तरी व्याकरणाचे मास्तर छडी उगारणार नाहीत, दोन्ही चालते. पण माझ्या मनाला ते लागते.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या अंगावर नुसता एक नंबर होता. मला ‘ती’ केले माझ्या मालकिणीने. "आज ती कुरकुरतेय, तिला तेल हवंय," असे म्हणत ती माझ्यावर वाकायची. फ्रॉक, अभ्रे, गणवेश आम्ही दोघींनी मिळून शिवले. त्याच शिवणीवर तिने एकटीने मुलगा वाढवला.

मग सून आली परभाषेची. तिच्या भाषेत तो, ती, ते असली भानगडच नव्हती. मराठीत तिने ‘ते’ पकडून ठेवले. "सासूबाई आलं!" असे ती ओरडायची आणि मालकीण पोट धरून हसायची. मग माझ्यावर हात ठेवून शिकवायची, "ही मशीन, ती. दोरा, तो. कापड, ते."

"मग बाई आली तरी गिऱ्हाईक ‘आलं’ कसं?" सून विचारायची.

"गिऱ्हाईकाचं सोड गं. घरच्या माणसाला मात्र ‘ते’ म्हणू नये."

पुढे मालकिणीचे अर्धे अंग लुळे पडले, वाचा गेली. तिची खाट माझ्याशेजारी आली, माझ्या फळीवर औषधांच्या बाटल्या आल्या. मुलगा दारातूनच विचारायचा, "म्हातारं जेवलं का?"

"त्या जेवल्या," सून हळूच म्हणायची.

मालकिणीला बोलता येत नव्हते, ऐकू मात्र सगळे यायचे. ‘म्हातारं’ कानावर पडले की तिचा चालता हात माझे चाक घट्ट आवळायचा. मी काहीच करू शकले नाही.

ती गेली. आठवड्याभरात भंगारवाला दारात आला.

"ते घेऊन जा," मुलगा म्हणाला.

"ती," सून म्हणाली.

"तेच ते!"

आता मी भंगारात पडले आहे, गंजले आहे. ‘ते पडले, ते गंजले’ असेच लिहितात ना? शब्द तोच. मी ‘ती’ होते, हे आता माझ्या बोलण्यावरूनही कळत नाही.

मित्रांनो, मला काहीही म्हणा. पण खाटेवरच्या माणसाला ‘ते’ म्हणू नका. त्याला ऐकू येत असते.