डॉमिनोचं टेबल व्हायला मी नकार दिला

मित्रांनो, मी जुना फळा आहे. 'बिचारा' म्हणू नका, खपवून घेणार नाही. जमैकाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात एक होडी मोडीत निघाली, तिच्या महोगनीतून मला घडवलं. जो समुद्राला भ्याला नाही, तो खडूला काय भिणार?

एकतीस वर्षं मी इंग्रजी व्याकरण अंगावर वागवलं. मिस आल्डिथचा आवडता धडा आज्ञार्थी आणि कर्मणी वाक्यांचा. डावीकडे त्या लिहीत, 'ईट द मँगो.' उजवीकडे, 'द मँगो वॉज ईटन.' मग विचारत, "काम करायला सांगितलंय, की कुणाचं काय झालं ते सांगितलंय?"

"डावीकडे हुकूम आहे, मिस," शेव्हेल म्हणायची. "क्रियापदच पहिलं. 'तू' लिहिलेला नाही, पण आहे."

"आणि उजवीकडे?"

"तिथे आंबा पुढे आलाय. खाल्ला कुणी, ते गुलदस्त्यात."

"सांगायचंच झालं तर?"

"शेवटी 'बाय' लावायचा, मिस. बाय हेडमास्तरांची बकरी!"

वर्ग हसे. बकरी खिडकीतच असे. तिला काही वाटत नसे.

गेल्या सप्टेंबरात पांढरा फळा आला. त्याची पेनं आठवड्यात वाळली, नवी नाताळनंतर येणार होती. तरीही हेडमास्तर गॅबिडन म्हणाले, "जुना फळा बदामाच्या झाडाखाली न्या. आमचं डॉमिनोचं टेबल मोडलंय."

मोडणारच. आमच्या गावात सोंगटी ठेवत नाहीत, आपटतात. जो हळू ठेवतो तो आजारी आहे असं समजून त्याच्या घरी सूप पाठवतात.

"मग मुलांनी वाचायचं कशावरून, सर?" मिस आल्डिथ आडव्या आल्या. "तुमच्या डोक्यावर लिहू?"

"जागा ऐसपैस आहे हो," शाळेची स्वयंपाकीण मिस पिंकी म्हणाली.

हेडमास्तरांनी टकलावर टोपी घातली. "खेळून घ्या. आधी सहा डाव जिंकेल त्याचा फळा."

मला पिंपांवर आडवं टाकलं. हेडमास्तर आणि बसवाला लेनवर्थ एकीकडे, मिस आल्डिथ आणि मिस पिंकी दुसरीकडे. माझ्याच छातीवर माझा निकाल लागत होता, आणि मला एकही सोंगटी दिलेली नव्हती. पाच-पाच झाले.

शेवटच्या, निकालाच्या डावात हेडमास्तरांच्या हातात एकच सोंगटी उरली. ती लागली की संपलं. ते उभे राहिले. हात आभाळात गेला.

"हाणा सर!" लेनवर्थ ओरडला. "कळू दे मालक कोण ते!"

मी अंग ताठ केलं.

ठक्क! सोंगटीचे दोन तुकडे. एक बकरीने खाल्ला.

आता गावचा नियम असा, की जो सोंगटी मोडेल त्याचा डाव गेला. हेडमास्तर लाल झाले. "या फळ्यातच खोट आहे!"

"खोट नाही, महोगनी आहे," मिस पिंकी म्हणाली. "कोपर उचला, घरी, म्हणजे वर्गात न्यायचाय त्याला."

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरच मला भिंतीवर बसवायला आले. मी त्यांचे तीन खिळे वाकवले. चौथा घेतला, कारण मुलं खोळंबली होती.

मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी हात जोडायचे असतात. मला हात नाहीत, आणि असते तरी जोडले नसते. आडवं करू नका. ओल्या फडक्याने पुसा. खडू आणा. लिहा.