वर्षाराणीचं अक्षर

लेकीनं, वर्षाराणीनं, आईला न विचारता लग्न केलं, तेव्हाच हरणाबाईनं चार बायांत सांगून टाकलं होतं, "स्वतःच्या हातानं लिहून बोलावल्याबिगर म्या तिचा उंबरा चढणार न्हाय." त्याला तीन वर्षं झाली. फोन आले, निरोप आले. बाई हलली नाही.

परवा पुतण्या बालाजीनं धाराशिवहून लेकीच्या बाळाच्या बारशाची पत्रिका आणून दिली. सगळी छापील, पण तळाशी निळ्या शाईत एक ओळ, जरा कललेली, अक्षरांच्या शेपट्या लांबवलेली: "यायलाच पाहिजे. वाट बघतेय." हरणाबाईची शाळा तिसरीतच सुटलेली. बोट ठेवून ठेवून तिनं ती ओळ दहादा वाचली, आणि शेजारच्या कडूबाईला ऐकवून आली, "लिवलं बघ शेवटी. कुणापुढं न वाकणारी पोर, आईपुढं वाकली."

बारशाच्या सकाळी नवं लुगडं नेसून ती गावच्या, तेरच्या, स्टँडवर धाराशिवच्या गाडीची वाट बघत उभी राहिली. समोर केकच्या दुकानावर फलक होता: "एकदा खाऊन तर बघा." तोच कल, त्याच शेपट्या. शेजारी कुणा दादाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, त्याही तशाच. हरणाबाईनं पत्रिका काढून फलकाशी ताडून बघितली.

फलक छापणाऱ्या विरेशच्या दुकानात जाऊन तिनं पत्रिका टेबलावर आपटली. "हे कुणी लिवलंय?"

"कुणीच न्हाय, मावशी. कम्प्युटरमधला फॉन्ट हाय. हातानं लिहिल्यावाणी दिसतो. बारसं, केक, वाढदिवस, समद्याला चालतो. लोकांना घरचं वाटतं."

"आन् बोल? बोल तरी तिचे असतील."

विरेशनं पडद्यावर बारशाचा नमुना उघडला. बाळाच्या नावाची जागा मोकळी होती. तळाशी तीच निळी ओळ तयार.

"लई गोड बोलतंय रं तुझं मशीन," हरणाबाई म्हणाली. "हात न्हाय, पाय न्हाय, आन् वाट बघतंय."

विरेशला हसू आलं, पण तिच्या तोंडाकडं बघून त्यानं ते गिळलं. "मावशी, पत्रिका धाडली म्हंजी बोलावलंच की. जावा तुम्ही."

"मला शिकवू नगं. पेन दे."

पत्रिकेच्या पाठीवर तिनं 'वर्षा' लिहिलं. वेडंवाकडं, पण लिहिलं. पुढं 'मी येते' एवढंच लिहायचं होतं. हात थांबला. आधी आपणच लिहायचं, तर मग तीन वर्षं मन मारून कशापायी काढली?

"सांगा, मी टाईप करतो," विरेश म्हणाला. "लगेच मोबाईलवर जाईल."

तिनं ते नाव खोडलं. कागद फाटेस्तोवर खोडलं.

बाहेर गाडी लागली, भरली, गेली. हरणाबाई दुकानाच्या पायरीवर बसली. पाऊण तासानं दुसरी आली. कंडक्टरनं धाराशिव, धाराशिव म्हणून दोनदा हाक दिली. तिनं तीही जाऊ दिली.